वर्गात नसलेल्यांचा वर्ग: व्याख्यानं थेट प्रसारित करताना

आमच्या विभागात व्याख्यानांचं रेकॉर्डिंग आधीपासून होत होतं. तास संपला की फाइल सर्व्हरवर चढवायची आणि दूरस्थ विद्यार्थ्यांना लिंक पाठवायची, एवढंच काम. थेट प्रसारणाची मागणी विद्यार्थ्यांकडूनच आली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने कळवलं होतं की रेकॉर्डिंग केव्हाही पाहता येतं, त्यामुळे ते उद्यावर जात राहतं, आणि सत्र संपत आलं की न पाहिलेल्या तासांचा ढीग समोर उभा राहतो. शंका आली तर विचारायची कुणाला, हा तिचा दुसरा मुद्दा. तिचं म्हणणं विभागाला पटलं आणि मी तांत्रिक सहायक असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

बैठकीत पहिली चर्चा कॅमेऱ्याची झाली. किती मेगापिक्सेल, किती झूम, भिंतीवर बसवायचा की तिकाटण्यावर. मी माइक मागितला. व्याख्यानाचं चित्र अंधूक झालं तरी विद्यार्थी ऐकत राहतो, टिपणं काढत राहतो. आवाज तुटायला लागला की तो पाच मिनिटांत निघून जातो, आणि त्याचं काही चुकत नाही. हे मला रेकॉर्डिंगच्या काळातच दिसलं होतं.

हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यातला माइक शिक्षकांचा आवाज का पकडू शकत नाही, याचं गणित सोपं आहे. मोकळ्या जागेत उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. कॉलरला लावलेला माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो आणि कॅमेरा साधारण ६.४ मीटरवर, म्हणजे अंतर पाच वेळा दुप्पट झालं आणि थेट आवाज ३० डेसिबलने खाली गेला. भिंतींवरून परतणारा घुमारा, पंख्यांची घरघर, प्रोजेक्टरचा आवाज मात्र हॉलभर जवळपास सारखाच राहतो. त्यामुळे कॅमेऱ्याच्या माइकला शिक्षक विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात. नंतर आवाज कितीही वाढवला तरी घुमाराही त्याच्याबरोबर वाढतो.

म्हणून कॉलर माइक ठरला. बिनतारी माइकमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे संच स्वस्त मिळतात, पण वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की सगळं सुरळीत चालतं आणि दीडशे फोन आत आले की खरखर सुरू होते. आम्ही यूएचएफ पट्ट्यातला, म्हणजे वाय-फायच्या खालच्या वारंवारतेवर चालणारा संच घेतला. पातळी अशी ठेवली की शिक्षक जोरात बोलले तरी आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जात नाही आणि नेहमीच्या बोलण्यात उणे १२ ते उणे १८ च्या दरम्यान राहतो. डिजिटल आवाज शून्याला टेकला की फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

आवाजाची आणखी एक भानगड अशी, की ती लगेच दिसत नाही. माइक एका उपकरणातून आणि चित्र दुसऱ्यातून संगणकात येत असेल, तर दोघांची अंतर्गत घड्याळं अगदी तंतोतंत चालत नाहीत. दर दहा लाखांत ५० एवढाच फरक असला तरी तासाभरात जवळपास ०.१८ सेकंदाची तफावत पडते, आणि ओठ व शब्द वेगळे चालल्याचं जाणवायला तेवढं पुरतं. तासाच्या सुरुवातीला तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं. म्हणून मी माइकचा आवाज कॅमेऱ्यातच जोडला. मग चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर चालतात. सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ हा एकच सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो दर) ठेवायचा, हेही त्याच वेळी ठरवून टाकलं.

चित्राच्या बाबतीत खरा प्रश्न होता फळ्याचा. स्लाइड दाखवणं सोपं. शिक्षकांच्या लॅपटॉपमधून प्रोजेक्टरकडे जाणारी एचडीएमआय जोडणी स्प्लिटरने दोन ठिकाणी वाटायची आणि एक फाटा कॅप्चर कार्डातून आपल्या संगणकात आणायचा. तिथे ओबीएस स्टुडिओ हे मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं एकत्र करतं. मोठ्या चौकटीत स्लाइड आणि कोपऱ्यात शिक्षक, अशी आमची पहिली मांडणी होती. पण गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक स्लाइडवर शिकवत नाहीत. ते लिहितात, पुसतात, बाण काढतात, एका कोपऱ्यातलं समीकरण दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. ते लिहिणं जसं उमलत जातं तसंच पोचायला हवं, असा माझा आग्रह होता. तयार उत्तर दाखवलं की ते तिथवर कसं आलं हे विद्यार्थ्याला कळत नाही.

फळ्यासाठी कॅमेऱ्याचं सगळं स्वयंचलित बंद करावं लागलं. फोकस स्वयंचलित ठेवला तर शिक्षक फळ्यासमोरून गेले की कॅमेरा त्यांच्या मागे जातो आणि अक्षरं पुसट होतात. प्रकाशाचं मोजमाप स्वयंचलित ठेवलं तर पडद्यावर पांढरी स्लाइड येताच शिक्षक काळेठिक्कर पडतात. दिव्यांची लुकलुकही असतेच. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायचं. ज्या देशांत वीज ६० हर्ट्झची असते तिथे १/६० किंवा १/१२०. हे जमलं की चित्रातून सरकणारे पट्टे निघून जातात.

मग मी कॅमेऱ्याची चौकट फळ्याच्या दोन तृतीयांश भागावर पक्की केली आणि त्या भागाच्या कडांना खडूने बारीक खुणा केल्या. शिक्षकांना विनंती केली की या खुणांच्या आतच लिहा आणि अक्षर थोडं मोठं काढा. एका ज्येष्ठ सरांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. अख्खा फळा वापरायची त्यांची अनेक वर्षांची सवय. मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं, फोनच्या पडद्यावर त्यांचाच आदल्या तासाचा फळा दाखवला आणि तिसऱ्या ओळीतला घातांक वाचायला सांगितला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, "हे त्यांना असं दिसतं?" पुढच्या तासापासून त्यांचं अक्षर दुप्पट झालं. हॉलमधल्या मागच्या बाकांवरच्या मुलांनीही त्याबद्दल त्यांचे आभार मानले.

लेझर पॉइंटरचंही असंच आहे. शिक्षक पडद्यावर लाल ठिपका फिरवत "हा भाग बघा, आणि इथून इथपर्यंत" म्हणतात. तो ठिपका पडद्यावर पडतो, लॅपटॉपमधून येणाऱ्या चित्रात तो नसतोच. घरी बसलेल्याला फक्त "हा" आणि "इथून" ऐकू येतं. त्याऐवजी माउसचा बाण मोठा करून तो फिरवायचा, हा उपाय बिनखर्चाचा आहे. आणि "हा भाग" म्हणण्याऐवजी "डावीकडचा आलेख, निळी रेषा" म्हणायचं. एका मॅडमनी ही सवय इतकी मनावर घेतली की त्यांच्या तासाचं नुसतं ध्वनिमुद्रण ऐकूनही विषय समजायला लागला.

नुसत्या आवाजाचा हा मुद्दा पुढे फार कामाला आला. हॉलमधून बाहेर पाठवण्याची आमची सोय चांगली होती. संगणक केबलने जोडलेला, वाय-फायवर कधीच नाही. मोजलेल्या अपलोड वेगाच्या निम्म्याहून जास्त वापरायचा नाही, हा नियम. १०८० रेषांचं चित्र सेकंदाला ४.५ मेगाबिटने पाठवायचं आणि पुढे सर्व्हर त्याच्या लहान आवृत्त्या करणार. अडचण होती घेणाऱ्याच्या टोकाला. बरेच विद्यार्थी फोनवर, मोजूनमापून मिळणाऱ्या डेटावर व्याख्यान पाहत होते. ४.५ मेगाबिटने तासाला जवळपास २ गीगाबाइट जातात. २.५ मेगाबिटचं ७२० रेषांचं चित्र घेतलं तरी तासाला १.१ गीगाबाइटच्या वर खर्च होतो. दिवसाला तीन तास आणि आठवड्याला पाच दिवस हा हिशेब कुणी मांडला, की दूरस्थ शिक्षण स्वस्त असतं हे म्हणणं तपासून घ्यावं लागतं.

व्याख्यानात हालचाल कमी असते, आणि हीच गोष्ट आमच्या मदतीला आली. व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धती बदललेला भागच प्रामुख्याने पाठवतात. स्थिर स्लाइड आणि सावकाश भरणारा फळा यांना क्रिकेटच्या सामन्याएवढे बिट लागत नाहीत. सेकंदाला ३० ऐवजी १५ चौकटी ठेवल्या, तर ७२० रेषांचं वाचण्याजोगं चित्र १ मेगाबिटच्या आसपास बसतं, म्हणजे तासाला ४५० मेगाबाइट. त्याच्या खाली आणखी एक लहान आवृत्ती ठेवली. आणि सगळ्यात खाली नुसता आवाज, ६४ किलोबिटचा, तासाला जेमतेम २९ मेगाबाइट. त्याला जोडून तासाच्या आदल्या संध्याकाळी स्लाइडची पीडीएफ पाठवायची आणि शिक्षकांनी तासात स्लाइडचा क्रमांक बोलायचा. ही पायरी ठेवावी की नाही यावर वाद झाला. व्हिडिओच्या जमान्यात नुसता आवाज म्हणजे मागे जाणं, असं काहींना वाटलं. मी ठाम राहिले. प्रवासात असलेला, नेटवर्क क्षीण असलेल्या ठिकाणचा, महिन्याअखेरीस डेटा संपत आलेला विद्यार्थी या पायरीवर टिकतो. ती नसती तर तो वर्गातून गळाला असता आणि आम्हाला ते कळलंही नसतं.

आता विलंबाबद्दल. या सगळ्या कामात माझा सर्वात जास्त वेळ त्यानेच घेतला.

प्रसारण मोठ्या संख्येने लोकांपर्यंत न्यायचं तर एचएलएस ही पद्धत सोयीची. अॅपलने ती २००९ मध्ये आणली. व्हिडिओचे छोटे तुकडे करायचे आणि ते वेबपानासारखेच वाटायचे. सर्व्हरवर फारसा ताण येत नाही, आणि नेटवर्क मंदावलं की प्लेअर आपोआप खालच्या आवृत्तीवर उतरतो. पण तुकडा सहा सेकंदांचा असेल आणि प्लेअर शेवटून किमान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करत असेल, तर अठरा सेकंद तिथेच गेले. एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ लहान करणं, आणि वाटेतला वेळ धरला की विलंब वीस ते तीस सेकंदांवर जातो.

सामना पाहणाऱ्याला अर्धा मिनिट उशीर झाला तर फारसं बिघडत नाही. वर्गात बिघडतं. सर विचारतात, "कळलं का? काही शंका?" हॉलमध्ये दोन-तीन सेकंद थांबतात आणि पुढे जातात. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला तो प्रश्न ऐकू येतो तेव्हा सर पुढच्या समीकरणात शिरलेले असतात. तो शंका टाइप करतो, आणखी अर्धा मिनिट जातो, आणि ती पोचते तेव्हा तिचा संदर्भ फळ्यावरून पुसलेला असतो. असं काही वेळा झालं की तो विचारणं सोडून देतो. माझ्याकडच्या संदेशांच्या नोंदीत हे स्पष्ट दिसत होतं. पहिल्या आठवड्यात शंका येत होत्या, मग कमी झाल्या, मग जवळपास थांबल्या. उपस्थितीचा आकडा मात्र तेवढाच होता. आकड्यावर समाधान मानलं असतं तर प्रसारण यशस्वी आहे, असंच आम्ही म्हणत राहिलो असतो.

दूरच्या विद्यार्थ्यांना व्याख्यान पोचवण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ ची आणि बीबीसीवरून तिचे कार्यक्रम जानेवारी १९७१ मध्ये सुरू झाले. तेव्हा वर्गातून घराकडे वाट होती. घराकडून वर्गाकडे टपाल, फोन आणि अभ्यासकेंद्रं होती, पण त्याच क्षणी विचारायची सोय कार्यक्रमात नव्हती. आज ती सोय तंत्राने शक्य आहे. मग ती असूनही वापरात नसणं मला खुपत राहिलं.

विलंब कमी करायचा एक मार्ग म्हणजे वेबआरटीसी, ब्राउझरमधूनच थेट आवाज आणि चित्र पाठवण्याचं तंत्र. जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत वेब-मानक झालं आणि त्यात अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्हीकडून बोलता येतं. ऑनलाइन वर्गांसाठी वापरलं जाणारं बिगब्लूबटन हे मुक्त सॉफ्टवेअरही त्यावरच चालतं. पण त्यात तुटकं नेटवर्क पचत नाही. एचएलएसकडे पुढचे तुकडे साठवलेले असतात, वेबआरटीसीकडे तो साठा नसतो. सगळ्यांना तिकडे न्यायचं तर ज्यांचं नेटवर्क क्षीण, तेच पुन्हा बाहेर पडणार. म्हणून दोन्ही ठेवलं. ज्याला जमेल त्याने बोलत्या वर्गात यावं, ज्याला जमणार नाही त्याने एचएलएसवर किंवा आवाजावर राहावं. एचएलएसचे तुकडेही सहाचे दोन सेकंदांवर आणले. त्यासाठी एन्कोडरमध्ये की-फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली चौकट, दर दोन सेकंदांनी ठेवावी लागते, कारण तुकडा तिथेच तोडता येतो. विलंब दहा सेकंदांच्या आसपास आला.

उरलेले दहा सेकंद यंत्राने नव्हे, शिकवण्याच्या पद्धतीने भरून काढले. शिक्षकांशी बसून हे ठरवलं, आणि त्यांतल्या बऱ्याच कल्पना त्यांच्याच होत्या. शंका विचारायची जागा आधी जाहीर करायची: "या ओळीनंतर थांबणार आहे, काही असेल तर आताच लिहायला लागा." प्रश्न विचारला की हॉलमधून उत्तर घेण्याआधी फळ्यावर तो पूर्ण लिहून काढायचा. लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पलीकडे प्रश्न पोचतो. पहिलं उत्तर शक्यतो दूरच्या विद्यार्थ्याचं घ्यायचं. हॉलमध्ये कुणी शंका विचारली तर शिक्षकांनी ती स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगायची, कारण विचारणाऱ्याच्या कॉलरला माइक नसतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती पुढच्या रांगेतली एक खुर्ची. तिच्यावर दर तासाला एक संशोधक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन बसतो. त्याचं काम एकच: येणाऱ्या शंका वाचायच्या, सारख्या शंका एकत्र करायच्या आणि हात वर करून हॉलमधल्या विद्यार्थ्यासारखं मोठ्याने विचारायचं. शिक्षकांनी शिकवता शिकवता पडद्यावरचे संदेश वाचावेत ही अपेक्षाच चुकीची आहे, त्याने दोन्ही कामं बिघडतात. पण वर झालेला हात शिक्षकांना दिसतोच. ही खुर्ची भरायला लागल्यावर शंका परत येऊ लागल्या. एकदा फळ्यावरच्या एका पदाचं चिन्ह चुकलं होतं. हॉलमधल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही आणि ते आधी पकडलं नुसत्या आवाजावर असलेल्या एका मुलाने, कारण तो पीडीएफ समोर ठेवून सरांबरोबर कागदावर प्रत्येक पायरी करत होता.

संमतीचा विषय आम्ही सुरुवातीलाच मिटवला. चौकटीत फक्त फळा आणि शिक्षक. विद्यार्थ्यांचे चेहरे नाहीत. प्रसारण चालू असताना दारावर लाल दिवा, आणि तासानंतर शिक्षकांशी चाललेलं खासगी बोलणं जाऊ नये म्हणून माइक बंद करायची जबाबदारी खुर्चीवरच्या विद्यार्थ्याची.

एका सकाळी मुख्य जोडणीच तुटली. सेवा देणाऱ्यांकडून दुपारपर्यंत काहीच उत्तर आलं नाही. मोबाइल नेटवर्कवरची पर्यायी जोडणी त्या इमारतीत कशीबशी तग धरत होती, म्हणून चित्र बंद करून फक्त आवाज पाठवला आणि सरांना कानात सांगितलं. त्यांनी पूर्ण तास स्लाइडचे क्रमांक बोलत, आकृत्यांचं शब्दांत वर्णन करत घेतला. हॉलमधल्या संगणकावर पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग चालूच होतं, ते आम्ही नेहमीच करतो. संध्याकाळी ते सगळ्यांना मिळालं.

मथळ्यांचं, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवण्याचं काम अजून माझ्या मनासारखं झालेलं नाही. आमच्या वर्गात कमी ऐकू येणारी एक विद्यार्थिनी आहे. वेबसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत थेट प्रसारणाला मथळे असणं हे दुहेरी-ए पातळीवर अपेक्षित आहे, म्हणजे ही मेहेरबानी नाही. स्वयंचलित मथळे साधं बोलणं बऱ्यापैकी पकडतात, पण पारिभाषिक शब्द आणि समीकरणं आली की भलतंच काही उमटतं. दर तासाआधी त्या दिवशीच्या संज्ञांची यादी यंत्राला भरवली की फरक पडतो. तरीही समीकरणांसाठी माणूसच लागतो, आणि त्या माणसासाठी मी अंदाजपत्रकात तरतूद मागितली आहे.

दुसरी मागणी वेळापत्रकाची आहे. दोन तासांमध्ये पाच मिनिटं मिळतात. त्यात माइकची बॅटरी बदलायची, आवाज तपासायचा, फोकस पुन्हा पाहायचा आणि फोनवर स्वतः विद्यार्थी होऊन प्रसारण उघडून बघायचं, एवढं बसत नाही. प्रसारित होणाऱ्या तासांआधी पंधरा मिनिटं मोकळी ठेवावीत, असं पत्र मी दिलं आहे. त्याखाली पहिली सही खडूच्या खुणा न रुचलेल्या त्या सरांची आहे.